भाकरी मोजू नये, माणसं तर नाहीच

इंदिरानगर, नाशिक (या महिन्याअखेरपर्यंत तरी)
मे २००७

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

धाकटा मेव्हणा समाधान याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. शुभांगीचाही नमस्कार समजून घ्यावा. ती आत्ता स्टुलावर उभी राहून माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढते आहे, त्यामुळे तिला वाकता येत नाही. दिशा आणि रुद्र यांचे नमस्कार त्यांना आठवण करून दिल्यावर पोहोचतील. आपली तब्येत कशी आहे, साखर आटोक्यात आहे का, आणि फुलाताई घरच्या चहात साखर घालत नाही म्हणून बाजार समितीच्या बाहेर उभं राहून जो दुसरा चहा तुम्ही पिता तो कमी केलात का, हे कळवावे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेम्पोची तब्येत कशी आहे? मागच्या वेळी तो जसा खोकत होता ते ऐकून आमच्या आईने त्याला अडुळशाचा काढा द्या असं सुचवलं होतं. सायलीचा बारावीचा निकाल लागला की लगेच कळवा. पोरगी हुशार आहे. ती पुढे नाशिकला शिकायला येणार आणि तुम्ही तिच्यासाठी वसतिगृह पाहून ठेवलं, हे ताईकडून समजलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. (म्हणायचं आहे, पण नंतर.)

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना या माणसाने पत्र का लिहिलं. दाजी, तुमचा मोबाईल ताई उचलते. आणि ताईला सांगितलेली गोष्ट आईपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात माझं साधं पादत्राण सापडत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता त्या दुसऱ्या चहावाल्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. वाचून झालं की तिथेच शेगडीत टाकावे. चहावाल्याने आधी वाचलं असेल तर त्यालाही माझा नमस्कार.

तर मुद्द्यावर येतो. (शुभांगी म्हणते, मी मुद्द्यावर येईपर्यंत पाहुणे घरी पोहोचलेले असतात.) मखमलाबाद रोडला आम्ही नवीन घर घेतलं आहे. रो हाऊस म्हणतात त्याला. तळमजला, पुढे चार वाफे मावतील एवढं अंगण, दारात एकच पायरी. ताबा मिळाला, रंग झाला, नळाला पाणी आलं. हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला आणि घेणारी मंडळी महिनाअखेरीस सामान घेऊन येणार आहेत. सगळं ठरलं आहे, फक्त आई यायला तयार नाही. ती म्हणते, तुम्ही जा, मी हितंच राहीन. हितं म्हणजे कुठे, तर नवीन मालकांच्या घरात. मागच्या आठवड्यात त्या घरातल्या बाई पडद्याचं माप घ्यायला आल्या, तर आईने त्यांना चहा पाजून विचारलं की, मी कोपऱ्यात बसून राहिले तर तुमची काय अडचण हे का? बाई फार सभ्य. त्या म्हणाल्या, आमची काहीच हरकत नाही. तेव्हापासून आईने विषय संपला असं धरलं आहे आणि शुभांगीने बांधलेली आईची ट्रंक तीनदा उघडून सामान पुन्हा जागेवर लावलं आहे.

हे असं का झालं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. आमची सगळी बिऱ्हाडं तुमच्याच टेम्पोतून गेली, त्यामुळे तुम्हाला वाटेल की यात तुम्हाला नवीन काय सांगायचं. पण तुम्ही ती टेम्पोच्या बाजूने पाहिलीत. घराच्या बाजूने ती निराळी दिसतात.

आमच्या मळ्यात एक नियम होता, तुम्हाला लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत तो कळला असेल. भाकरी मोजायची नाही, आणि माणसं तर नाहीच नाही. मोजलं की नजर लागते, नजर लागली की कमी होतं. फुलं शेकड्यावर विकणाऱ्या घरात हा नियम पाळणं काही सोपं नव्हतं. अण्णा पहाटे फुलबाजारात बसून गुलाब मोजायचे आणि घराच्या उंबऱ्यापाशी आले की आकडे विसरून जायचे. कुणी विचारलं, गोजराबाई, घरात माणसं किती, तर आई म्हणायची, देवाच्या दयेनं लय. मळ्यात हे चालून गेलं. पण शहरात भाड्याने खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, आणि आमच्या घराण्यात याचं उत्तर देण्याची पद्धतच नाही.

नव्वद साली आम्ही निमाणीजवळ नवसाबाईंची खोली घेतली ते आठवतं ना? कंपनीची ओझरची बस तिथून जायची, मळ्याकडे यायची नाही. नवसाबाईंची अट एकच होती, नवराबायको चालतील, पोरंबाळं नकोत. आई माझ्याबरोबर बोलणी करायला आली होती. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, दोघंच हायेत. शुभांगीला तेव्हा तिसरा महिना होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, अगं आई, हे काय? तर म्हणाली, पोटातलं मोजत नसतात, येडा का खुळा तू. पुढे दिशा झाली. नवसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तुम्ही तर दोघं म्हनला व्हता. आई शांतपणे म्हणाली, दोघंच हायेत की, ही पाहुणी आलीय. झालं. तेव्हापासून दिशाचं नाव त्या वाड्यात ‘पाहुणी’ पडलं. नवसाबाई स्वतः तिला न्हाऊमाखू घालायच्या आणि आम्हाला विचारायच्या, पाहुणी जेवली का? पण रुद्रची चाहूल लागली तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, एका पाहुणीला म्या काही बोलले नाय, पन आता तुम्ही धर्मशाळा काढताय.

म्हणून सिडको. एक खोली आणि स्वयंपाकघर. या वेळी मी शहाणपणा केला. मी हिशेब मांडला, की आम्ही दोघं, एक पाहुणी आणि एक येऊ घातलेला, असे चौघं. चौघांना पुरेल असं घर घेतलं. आणि सामान उतरवायला गेलो तर तुमच्या टेम्पोत गाद्यांच्या वर आई आणि अण्णा बसलेले. (तुम्ही मला आधी एका शब्दानं सांगितलं नाहीत, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. तुम्ही म्हणालात, सासूबाई बसल्या, मी काय उतरवू का त्यान्ला?) मळ्याच्या वाटण्या झाल्या होत्या, अण्णांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यातून रस्ता गेला होता, आणि अण्णा म्हणाले, चार दिवस राहतो, नातू बघतो आणि जातो. ते चार दिवस पाच वर्षं चालले. चौघांच्या घरात आम्ही सहा जण राहिलो. कुणाला कूस बदलायची असेल तर बाकीच्यांना आधी कळवावं लागे. तरी दाजी, खरं सांगतो, एवढं हसलेलो पुन्हा कुठल्या घरात हसलो नाही. अण्णा रोज रुद्रला खांद्यावर घेऊन दारात उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की मी उद्याच निघतोय.

इथे आमच्या बसचा ड्रायव्हर काळू याचं एक शास्त्र सांगतो. तुम्हीही गाडीवाले आहात, तुम्हाला पटेल. काळू म्हणतो की नाशिकमध्ये माणसाचं वय विचारायची गरज नाही, तो कुठल्या थांब्यावर चढतो ते बघायचं. लग्न झालेलं नवीन पोरगं निमाणीला चढतं. डब्यात बायकोने घडीच्या पोळ्या दिलेल्या असतात. दोन वर्षांनी तेच पोरगं सिडकोच्या थांब्यावर दिसतं, डोळे तांबडे, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग. पोरं शाळेत गेली की ते इंदिरानगरला सरकतं. आणि पोरं शिकून पुण्याला गेली, आईबापांचे गुडघे गेले, की पुन्हा तळमजला शोधत निघतं. काळू म्हणतो, साहेब लोक सांगतात मी जागा बघून घर घेतलं. कुणी जागा बघत नाय, घरातली माणसं वाढली का घटली तेच माणसाला ढकलत नेतं. माझा थांबा बदलला की तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारायचा, समाधानभाऊ, थांबा बदलला, पेढे कुठं हायेत? दोनदा त्याचं बरोबर निघालं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं आणि मग कळल्यावर आठ दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही.

तिसऱ्यांदा म्हणजे हे इंदिरानगरचं घर. नव्व्याण्णव साल. या वेळी मी मागच्या चुकीतून शिकलो होतो. सहा माणसं, सहा माणसांचंच घर. दोन बेडरूम, एक आमची आणि एक आईअण्णांची, मुलं हॉलमध्ये. तिसरा मजला होता, लिफ्ट नव्हती, पण तेव्हा आई जिना असा चढायची की शेजारचे बाजूला व्हायचे. सामान चढवताना आमचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, तो प्रसंग मी मुद्दाम लांबवत नाही, कारण तुम्हाला तो आवडत नाही. फक्त एवढंच म्हणतो की कपाटाच्या वरच्या बाजूला तुम्ही होतात, खालच्या बाजूला टेम्पो होता, आणि आईने जावई उपाशी राहायला नको म्हणून भाकरी आणि पिठलं कपाटाच्या माथ्यावरून सरकवलं होतं. आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ ऑफिसला निघाले होते, तेही तुमच्याबरोबर वरच अडकले आणि तुमच्याबरोबर जेवले. (ते अजून आईला भेटले की पिठल्याची आठवण काढतात.) सुतार येऊन कपाटाचे पाय कापल्यावर तुम्ही मोकळे झालात आणि सगळ्या जिन्याच्या साक्षीने म्हणालात, पुन्हा तुमचं बिऱ्हाड हलवलं तर नावाचा भिमाजी नाय.

त्याच थंडीत अण्णा गेले. तुम्हीच खांदा दिलात, मी काय सांगू? ज्या माणसाच्या हिशेबाने मी खोली वाढवली, तो माणूस त्या खोलीत दोन महिनेही झोपला नाही. आई त्या खोलीतून हॉलमध्ये मुलांजवळ आली आणि ती खोली रिकामी राहिली. पुढे त्यात गव्हाची कोठी आणि रुद्रची सायकल गेली, पण तिला आम्ही अजून अण्णांची खोलीच म्हणतो.

त्यानंतर जनगणना आली. एक तरुण मास्तर दप्तर घेऊन आले आणि आईला विचारलं, आजी, घरात माणसं किती? आई म्हणाली, माणसं म्हंजी काय गवऱ्या हायेत का मोजाया? मास्तर म्हणाले, सरकारला पाहिजे. आई म्हणाली, सरकारला पायजे तर सरकारनं यावं, जेवावं, कोन कोन हे ते बघावं. मास्तरांनी हात टेकले. त्यांना पोहे देऊन बसवलं आणि मी कामावरून येईपर्यंत ते बसून राहिले. मी दारातच होतो, त्यांनी विचारलं, मी सवयीने ‘सहा’ म्हणालो. त्यांनी लिहिलं. मग मी म्हणालो, नाही, पाच. त्यांनी खोडलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण खोडलेलं तिला कळलं. ती भाकऱ्या थापायला आत वळली, दाजी, आणि मला अजून वाटतं की तिने बोलायला हवं होतं.

आता आजची गोष्ट. आईचे गुडघे गेले. दिवाळीपासून ती खाली उतरलेली नाही. गॅलरीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडते, फुलवाली टोपलीत शेवंती टाकते, आई टोपली वर ओढते, शेवंती हुंगते आणि तिसऱ्या मजल्यावरून सांगते की ही कालची हे. मग टोपली पुन्हा खाली. अख्खी बिल्डिंग सकाळी या भांडणावर घड्याळ लावते. शेवटी आम्ही ठरवलं की हे पुरे झालं, आईला मातीवर पाय टेकता यावेत असं घर बघू. घर मिळालं तेही मखमलाबाद रोडला, आपल्या जुन्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. शहर इतकं वाढलं की मळा सोडून निघालेलो आम्ही सगळ्या नाशकाला वळसा घालून पुन्हा मळ्यापाशी आलो. माझा बसथांबासुद्धा पुन्हा निमाणीच. पांढऱ्या केसांनी मी त्या नवीन नवऱ्यांच्या रांगेत उभा राहणार. काळूला सांगितलं तर तो बिचारा या वेळी पेढ्यांचं काही बोललाच नाही.

मला वाटलं होतं आई आनंदाने उडी मारेल. (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात.) तर तिने एकेक कारण काढायला सुरुवात केली. तिकडचा दूधवाला पाणी घालतो. तिकडे वारा फार. ज्या ठिकाणी माझी शेवंती होती तिथं सिमेंट बघवायचं नाय. मी दूधवाला बदलायला तयार झालो, वाऱ्याला खिडक्या लावल्या, आणि शेवंतीसाठी अंगण दाखवलं. तरी नाही ते नाहीच. शेवटी परवा तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होतो, तेव्हा ती आपणहून बोलली. म्हणाली, समाधान, आपण घर बदललं की घरातलं माणूस बदलतं. पयल्या घरात पोरगी आली, दुसऱ्यात पोरगा आला, तिसऱ्यात तुझा बाप गेला. वाढायचं व्हतं तेवढं वाढलं. आता हितून पुढं घटनंच हे. मी म्हणालो, आई, तू काय बोलतेस, तुला काही होत नाही. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी अजून चौथीत आहे. म्हणाली, मला न्यायला आला तर मी चप्पल घालून उभी हे रे. पन तो वरचा मोजणारा चुकला तर? त्याच्या हातून दुसरंच कोणी उचललं गेलं तर?

शुभांगीने ऐकलं आणि ती म्हणाली, आई, असं काही नसतं. आईने विचारलं, मंग अण्णा कुठं हायेत? शुभांगी आत गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

मी कारखान्यात विमानाचे भाग तपासणारा माणूस. एक केसाइतकी चूक पकडतो. पण या हिशेबात चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नाही, कारण तिने जे मांडलं ते सगळं खरोखरच घडलं आहे. डॉक्टरांना आणलं, त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. आईने त्यांना गूळ-शेंगदाणे देऊन वाटेला लावलं. उचलून न्यायचं म्हटलं तर आई आहे, कपाट नाही. आणि कपाटसुद्धा पाय कापल्याशिवाय हललं नव्हतं.

असो. पत्र फार लांबलं. येत्या पंधरवड्यात धोंड्याचा महिना लागतो आहे. तीन वर्षांनी जावयाचा मान येतो. आईने अनारशाचं पीठ भिजवून ठेवलं आहे आणि गुडघे दुखत असतानाही ती तुमचं नाव निघालं की पदर डोक्यावर घेते. सांगायचा मुद्दा, तुम्ही आणि फुलाताईने सायलीला घेऊन जेवायला यावं, पोटभर अनारसे खावे (साखरेचं ताईला मी समजावतो), सासूचं वाण घ्यावं आणि सुखाने परत जावं. बाकी माझं काही मागणं नाही.

आपला आज्ञाधारक,
समाधान

ता. क. एसटीने येऊ नका. टेम्पो घेऊनच या. रिकामा आणा, कांदा भरून आणू नका. मागच्या वेळी गाद्यांना जो वास लागला होता तो रुद्र तिसरीत जाईपर्यंत टिकला.

ता. क. दुसरा. तुम्ही सगळ्या जिन्यासमोर घेतलेली शपथ मला पाठ आहे. शुभांगीने त्यावर तोडगा काढला आहे. ती म्हणते, धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, भिमाजी नाही, तेव्हा त्या महिन्यात ती शपथ तुम्हाला लागू होत नाही. कपाट खाली उतरवायचं आहे. पाय कापलेले असल्यामुळे या वेळी वळणावर अडकणार नाही असा काळूचा अंदाज आहे. काळू रविवारी मदतीला येतो म्हणाला आहे.

ता. क. तिसरा. दाजी, वर लिहिलं की बाकी माझं काही मागणं नाही, ते खोटं. सायलीला वसतिगृहात ठेवू नका. ती आमच्याकडे राहू दे. मी मागे एकदा विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमच्या घराचा काय भरवसा, पोरगी कॉलेजातून घरी यायची आन तुम्ही बिऱ्हाड घेऊन भलतीकडंच गेलेले. तुमचं चुकलं नव्हतं. पण हे शेवटचं घर. आणि मामाच्या जिवावर पोरगी शिकली असं लोक म्हणतील, ही भीती तुम्हाला वाटत असेल तर लोकांना सांगा की मामानेच पाय धरले. खरं तेच आहे. आईचं म्हणणं घर बदललं की आकडा बदलतो. तर बदलू दे, दाजी. आपणच तो आधी बदलून टाकू. गृहप्रवेशाचं दूध उतू जायच्या आत सायली आमच्याबरोबर त्या उंबऱ्यातून आत येऊ दे. मोजणारा आला तर त्याला घरात एक माणूस वाढलेलं दिसेल, आणि त्याचं काम झालेलं असेल. धोंड्यात जावयाला द्यायचं असतं, जावयाकडे मागायचं नसतं, हे मला समजतं. तरी मागतो आहे. अण्णांच्या खोलीसारखी एक खोली नव्या घरात आहे, तिला पूर्वेची खिडकी आहे. सायकल तिथे ठेवणार नाही.

ता. क. चौथा. काका, हे अक्षर दिशाचं आहे. पप्पा कामावर गेले आहेत आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. आजीने सांगितलं, मी म्हनते तसंच लिव, शुद्ध करू नको. म्हणून तसंच लिहिते.

जावईबापू, गोजराबाईचा रामराम. समाधानला वाटतं तो लपून लिवतो. त्याला ल्हानपनापासून लिवताना पुटपुटायची सवय हे. माझे गुडघे गेले, कान नाय गेले. मला सगळं ऐकू आलं. तुमचं नाव घेऊन मला फसवून टेम्पोत बसवायचं चाललं हे. तुम्ही काही फसवू नका. पोरगी धाडा. सायलीसाठी म्या गोधडी शिवायला घेतली, अण्णांची धोतरं हायेत, मऊ हायेत. वाण सासूनं द्यायचं अस्तं, ते देईनच, पन माझं मागणं आधी पदरात टाका. येताना टेम्पोत शेणखत टाका, अंगणातली माती चांगली नाय म्हनतात. रोपं म्या हितल्या फुलवालीकडून टोपलीत घेतली, ताजी हायेत. शुभांगीला सांगा ट्रंक बांध, आता उघडत नाय. जन्मात मी माणूस मोजलं नाय. आज मोजते. दिशा, बोट धर.

काका, आजीने एकेक बोट मुडपत मोजलं. समाधान, शुभांगी, दिशा, रुद्र, सायली. पाच बोटं झाली आणि ती थांबली. मी म्हटलं, आजी, आणि तू? तिने दुसऱ्या हाताचा अंगठा मुडपला.